चिंगीला घेऊन बर्लिनला : कुत्र्याचा परदेशप्रवास, तारखा आणि पिंजरा

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मे महिन्यात मी आमच्या चिंगीला घेऊन पुण्याहून बर्लिनला आले. चिंगी म्हणजे आपली गावठी कुत्री, वय ४, वजन १९ किलो. कोथरूडला भर पावसात एका उभ्या रिक्षाखाली सापडली, तेव्हापासून घरचीच. नवऱ्याची नोकरी इकडे ठरली तेव्हा "हिचं काय करायचं?" असं घरात कुणी विचारलंही नाही. ती येणारच होती. पण न्यायचं कसं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला जे कणाकणाने गोळा करावं लागलं ते एका जागी असावं म्हणून हा धागा.

सगळ्यात आधी एक सांगते. विमानाचं तिकीट शेवटी काढा. आधी कुत्र्याच्या तारखा मांडा.

युरोपीय संघाच्या लेखी भारत हा रेबीजचा धोका असलेला देश आहे. त्यामुळे क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करता येत नाही. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची, ओळखीचा नंबर असलेली बारीक चिप. मग रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि त्याची अँटिबॉडी तपासणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच करायची. सगळे तिला टायटर म्हणतात. पातळी किमान ०.५ यायला हवी. त्यानंतर, रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण ३ महिने थांबायचं. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नव्हे, रक्त काढल्याच्या.

चिंगीला दरवर्षी लस दिलेली होती, पुस्तकात शिक्के होते, मी निर्धास्त होते. डॉक्टर म्हणाल्या, यातलं काही धरता येणार नाही, कारण तेव्हा चिप नव्हती. लस कोणत्या कुत्र्याला दिली याचा पुरावा म्हणजे चिप, ती नसताना दिलेली लस तिकडे मोजत नाहीत. म्हणून १० जानेवारीला चिप आणि त्याच बैठकीत, चिप लावल्यावर, नव्याने लस. १२ फेब्रुवारीला रक्त. म्हणजे १२ मेच्या आधी युरोपात पाऊल नाही. आम्ही २० मेचं तिकीट काढलं.

चिप १५ आकडी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचीच घ्या. लावल्यावर डॉक्टरांकडून यंत्राने वाचून घ्या आणि पुढे रक्त काढताना, दाखला लिहिताना, प्रत्येक वेळी वाचून घ्या. तो नंबर मला अजून तोंडपाठ आहे.

पिंजऱ्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते खरी तयारी तीच आहे. कागद माणसं करतात, विमानाच्या खालच्या कप्प्यात पिंजऱ्यात बसायचं कुत्र्याला असतं.

सह्यवेडा

फार गरजेचा धागा, रानजाई. नंबरच्या बाबतीत आमचा अनुभव सांगतो. आमच्या शेरूच्या रक्ताच्या नळीबरोबर जो अर्ज गेला त्यात चिपचा एक आकडा चुकला होता. रिपोर्ट उत्तम आला, पण तो नंबर आमच्या कुत्र्याचा नव्हता. दुरुस्त रिपोर्ट येईपर्यंत माझ्या जिवाला घोर लागला होता. अर्जावर चिपचा स्टिकरच चिकटवा, हाताने लिहू नका. स्टिकर सहसा चिपबरोबर दोन-चार मिळतात, सगळे जपून ठेवा.

माजघर

३ महिने का थांबायचं? टायटर चांगला आला म्हणजे लस लागू पडली, मग पुढची अडवणूक कशासाठी? आमच्या घरात यावरून वाद चालू आहे.

पशुवैद्य_नगर

मी अहिल्यानगर जिल्ह्यात पशुवैद्य आहे, म्हणून उत्तर देतो. रेबीजचा विषाणू चाव्यातून शरीरात गेल्यावर लगेच लक्षणं दिसत नाहीत. तो नसांमधून मेंदूकडे सरकतो आणि त्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. समजा, लस देण्याच्या थोडंच आधी कुत्रा चावला गेला असेल. लसीमुळे रक्तात अँटिबॉडी दिसतील, पण आत विषाणू वाढतही असेल. ३ महिन्यांत अशी बहुतेक जनावरं लक्षणं दाखवतात. टायटर सांगतो की लस लागली, वाट पाहणं सांगतं की आधीची लागण नव्हती. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे रस्त्यावर रेबीज किती आहे ते मी रोज बघतो, त्यामुळे ही अट मला जाचक वाटत नाही.

दुसरं, लसीची मुदत. एकदा टायटर झाला की युरोपसाठी तो पुन्हा करावा लागत नाही, पण एका अटीवर: प्रत्येक पुढचा डोस आधीच्या डोसची मुदत संपायच्या आत पडला पाहिजे. एक दिवस जरी मागे राहिला तरी ती पहिली लस धरतात. पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा ३ महिने. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, मुदतीच्या महिनाभर आधीच या.

आणि पिल्लू १२ आठवड्यांचं व्हायच्या आत दिलेली रेबीजची लस प्रवासासाठी चालत नाही.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. हे इतकं स्वच्छ मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता पिंजरा. आयएटीएचं (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) माप असं काढतात: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की पिंजऱ्याची रुंदी. उभ्या कुत्र्याचं डोकं किंवा कान, जे उंच असेल तिथपर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी. चिंगीची लांबी ७० सेंमी, कोपर ३४, म्हणजे ७० आणि १७ मिळून ८७. खांदे २०, म्हणजे ४०. उंची कानांसकट ६२, त्यावर ३ सेंमीचं अंथरूण. ३६ इंची पिंजरा बसला. दुकानदार त्याहून लहान पिंजऱ्यात "आरामात मावेल" म्हणत होता. मावणं पुरत नाही. तिला ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. चेक-इनला माणसं हेच बघतात आणि पिंजरा लहान निघाला तर कुत्रा घेत नाहीत.

दोन भाग जोडणारे प्लॅस्टिकचे खटके काढून धातूचे नटबोल्ट लावले. चारही बाजूंनी हवा हवी, दाराला आतून वाटी हवी, पाणी बाहेरून ओतता आलं पाहिजे. चाकं असतील तर काढायची.

पिंजरा मी जानेवारीतच घरी आणला. पहिले दहा दिवस वरचा भाग काढून नुसतं खालचं तबक हॉलमध्ये ठेवलं, आत आईच्या जुन्या साडीची गोधडी. चिंगीला तिथे कुणी बोलावलं नाही, ढकललं तर नाहीच. जेवणाची थाळी मात्र तिथेच. मग वरचा भाग चढवला, दार नव्हतं. मग दार, पण उघडं. मग दार बंद आणि ती जेवत असेतो मी समोर बसलेली. एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास. मार्चअखेर ती दुपारची झोप आपणहून तिथे काढायला लागली, त्या दिवशी मी आईला फोन करून रडले.

एप्रिलमध्ये पिंजरा गाडीत घालून फेऱ्या सुरू केल्या. आधी कोथरूड ते चांदणी चौक, मग लोणावळा. विमानतळावर पिंजरा उचलतात, ठेवतात, पट्ट्यावर सरकवतात, म्हणून आम्ही दोघी बहिणी तिला आत ठेवून पिंजरा उचलून खोलीभर फिरायचो. शेवटच्या महिन्यात रात्रीच्या वेळी पाच-सहा तास.

टेम्सकाठी

इंग्लंडला नेणाऱ्यांनी हे वेगळं लक्षात ठेवा. चिप, लस, टायटर, ३ महिने हा क्रम तिथेही तोच. पण विमानाने ग्रेट ब्रिटनमध्ये कुत्रा साधारणपणे तुमच्याबरोबरच्या सामानात येत नाही, मालवाहतुकीचा माल म्हणून नोंदून, मान्य मार्गानेच येतो. हीथ्रोला प्राण्यांचं वेगळं स्वागत केंद्र आहे, तिथे तपासून मग हातात देतात. आमचा टिपू तिथे उतरला. कागद पुरे होते, तरी काही तास थांबावं लागलं.

शिवाय पट्टकृमींवरचं औषध. पशुवैद्याने ते पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत द्यायचं आणि वेळेसकट दाखल्यावर लिहायचं. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे इथेही ही अट आहे. जर्मनीला नाही. काही जण युरोपात उतरून, गाडी भाड्याने घेऊन, फ्रान्समधल्या कॅलेहून समुद्राखालच्या बोगद्याच्या रेल्वेने इंग्लंडमधल्या फोकस्टनला येतात. त्यात कुत्रा गाडीत तुमच्याजवळच असतो. माझ्या बहिणीने तसंच केलं आणि मी पुन्हा नेला तर तसाच नेईन.

दगडफूल

न्यू जर्सीहून. अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले, त्याआधीच्या अनुभवांवर विसंबू नका. भारत सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे. कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, चिप हवी, सीडीसीचा ऑनलाइन फॉर्म हवा. भारतात लस झालेली असेल तर लस आणि चिपचा एक वेगळा फॉर्म लागतो, तो सरकारी पशुवैद्याच्या सहीशिक्क्यासह. टायटर सीडीसीने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा. पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, आणि रक्त ते प्रवेश यात किमान २८ दिवस. उतरायचं ठराविक विमानतळांवरच, जिथे सीडीसीकडे नोंदणी केलेलं प्राणी केंद्र आहे, आणि तिथलं आरक्षण आधीच करायचं. आम्ही न्यूयॉर्कच्या जेएफकेला उतरलो. टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन, तोही तुमच्या खर्चाने.

सह्यवेडा

ऑस्ट्रेलियाचं कुणाला माहीत आहे का? भाचा मेलबर्नला आहे.

दगडफूल

भारत त्यांच्या मान्य देशांच्या यादीत नाही. थेट नेता येत नाही. आधी मान्य देशात न्यावं लागतं, तिथून पुढे, आणि मेलबर्नजवळ मिकलहॅमला सरकारी क्वारंटाइन. वर्षभराचं काम धरून चाला.

आजोळ

सगळ्यांचं वाचतेय आणि थोडं जड मनाने लिहितेय. आमचा लॅब्रॅडोर बंड्या १३ वर्षांचा. आम्ही कॅनडाला निघालो तेव्हा त्यालाही नेणार होतो, चिपही लावली. मग तपासणीत हृदयात दोष निघाला आणि मूत्रपिंडंही थकलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इतक्या लांबच्या प्रवासाला मी याला योग्य म्हणून सही करणार नाही. तो नाशिकला सासूबाईंकडे राहिला. त्याच अंगणात, त्याच पारिजातकाखाली. मी दर रविवारी व्हिडिओवर बोलत असे, तो आवाज ऐकून कान टवकारायचा. १४ महिन्यांनी गेला. मला अजून वाटतं, मी त्याला सोडून आले.

माजघर

राग नको, पण मी तर गेलेच नसते. ज्याला घरचा म्हटलं त्याला मागे कसं ठेवायचं?

पशुवैद्य_नगर

माजघर ताई, असं म्हणू नका. आजोळ ताईंनी कुत्र्याचं हित पाहिलं. हृदयाचा दोष असलेल्या १३ वर्षांच्या कुत्र्याला २० तास पिंजऱ्यात घालणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं. ज्या डॉक्टरांनी सही नाकारली त्यांनी त्यांचं काम चोख केलं. ओळखीचं अंगण, ओळखीचे हात, हे म्हाताऱ्या कुत्र्याला फार मोठं असतं.

पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींबद्दलही हेच. त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, उष्णता आणि घाबरण्याने ती आणखी आवळते. बऱ्याच विमान कंपन्या त्यांना खालच्या कप्प्यात घेतच नाहीत. ज्या घेतात त्यांच्यासाठी पिंजरा मापापेक्षा १० टक्के मोठा हवा. आधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

माजघर

चुकलं माझं. आजोळ ताई, मनावर घेऊ नका. बंड्याला आवाज ओळखीचा वाटायचा, हे वाचून डोळे भरून आले.

मांडवीतीर

नमस्कार, मी गोव्यात भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात मदत करते. इथे आलेले परदेशी पाहुणे किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचा लळा लावून घेतात आणि "पाठवून द्याल का?" म्हणून परत गेल्यावर विचारतात. युरोपात कुत्रा वैयक्तिक म्हणून जायचा असेल तर मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. कुत्र्याबरोबर दुसरं कुणी असेल तर मालकाचं लेखी अधिकारपत्र लागतं. अंतर वाढलं, किंवा तिकडे कुत्रा दुसऱ्याच्या हवाली होणार असेल, तर व्यापारी प्रवासाचे नियम लागतात, ते कितीतरी कडक आहेत. खोटी माहिती लिहून नेऊ नका. पकडलं गेलं तर कुत्रा परत पाठवतात किंवा अडकवून ठेवतात, आणि सोसायचं त्याला असतं.

वाटसरू_सातारा

झोपेचं औषध देऊ का? आमची राणी गाडीतही थरथरते. एका ओळखीच्यांनी गोळी देऊनच नेला म्हणाले.

पशुवैद्य_नगर

देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, पिंजरा हलला तर कुत्र्याला तोल सावरता येत नाही. वर उंचीवर त्याच्याजवळ कुणी नसतं. आयएटीएही गुंगी देण्याच्या विरुद्ध आहे आणि बऱ्याच कंपन्या गुंगीतला कुत्रा चेक-इनलाच नाकारतात. राणी गाडीत थरथरते म्हणजे तिला अजून सवय हवी आहे. रानजाई ताईंनी लिहिलंय तसं चार महिने द्या.

रानजाई

वाटसरू, चिंगीसुद्धा पहिल्या फेरीत चांदणी चौकापर्यंत लाळ गाळत होती. जमतं. घाई करू नका.

आता शेवटच्या दहा दिवसांबद्दल. युरोपचा आरोग्य दाखला पोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलाच लागतो, त्यावर सरकारी पशुवैद्याची सही हवी. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं, आम्ही मुंबईला गेलो. आपल्या डॉक्टरांचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला, लसीचं पुस्तक, चिपचा कागद, टायटरचा मूळ रिपोर्ट, माझा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, आणि चिंगी स्वतः. सगळ्याच्या तीन प्रती केल्या. एक संच पिंजऱ्यावर पारदर्शक पाकिटात, एक हातातल्या पिशवीत, एक बहिणीकडे.

विमान कंपनीला कुत्र्याचं आरक्षण तिकिटाच्या आधी विचारा. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात आणि जागा संपली तर तुमच्या तिकिटाचा उपयोग नाही. आधी एका एजंटला काम दिलं होतं. त्याने "सगळं होईल" म्हणत तीन आठवडे घालवले आणि जागा मागितलीच नव्हती. मग मीच फोन करून पक्की केली. चांगले एजंटही असतात, पण तारखा आणि आरक्षण स्वतः तपासा. थेट विमान घ्या, आणि मे महिना असल्यामुळे आम्ही मध्यरात्रीनंतरचं घेतलं. मुंबईच्या दुपारच्या उन्हात धावपट्टीवर पिंजरा उभा राहणं मला नकोच होतं.

निघायच्या दिवशी दुपारी थोडंसं खाणं, मग फक्त पाणी. वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून पाण्याचा बर्फ केला, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. विमानतळावर पिंजरा यंत्रातून तपासायला कुत्र्याला बाहेर काढावं लागतं, पट्टा हाताशी ठेवा. तिथे गोंगाटात चिंगी माझ्या पायांना चिकटून उभी होती. मी "चल, आत" म्हटलं आणि ती आत गेली. गोधडीवर गोल फिरली आणि बसली. चार महिन्यांच्या कष्टांचं मोल मला त्या क्षणी मिळालं.

कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांइतकाच असतो आणि तापमानही राखतात, हे मला ठाऊक होतं. तरी साडेआठ तास डोळ्याला डोळा लागला नाही.

विमान फ्रँकफर्टला उतरलं, पुढे बर्लिनपर्यंत गाडीने जायचं होतं. फ्रँकफर्टलाच चिप वाचली, कागद पाहिले. चिंगी थकलेली पण ठीक होती, गोधडी कोरडी होती. नवरा मोठी गाडी घेऊन आला होता, कारण हा पिंजरा रेल्वेत मावत नाही. पहिल्या गवतावर ती किती वेळ उभी होती!

वाटसरू_सातारा

पोचल्यावर तिकडे काही नोंदणी असते का?

रानजाई

असते. पत्ता नोंदवला की कुत्र्याचा कर, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर भरपाईचा विमा, तोही बर्लिनमध्ये सक्तीचा. चिपचा नंबर टासो नावाच्या नोंदवहीत घातला, त्याला पैसे पडत नाहीत. कुत्रा हरवला तर चिप वाचून ते मालकाला कळवतात. भारतातली चिप आपोआप तिकडे कुठेही नोंदलेली नसते, हे बरेच जण विसरतात. रेल्वेत मोठ्या कुत्र्याला तिकीट, पट्टा आणि तोंडाला मुसकं लागतं, त्याची सवय पुण्यातच करा. काही जाती, उदाहरणार्थ पिटबुल, जर्मनीत आणताच येत नाहीत. आणि इथल्या पशुवैद्याकडून युरोपचा पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट करून घ्या. भारतात येऊन परत जाताना टायटरची नोंद त्यात असेल आणि लस चुकलेली नसेल तर पुन्हा ३ महिने थांबावं लागत नाही. मात्र भारतात आणण्यासाठी आपल्या क्वारंटाइन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

नवी_पालवी

ताई, आजच सभासद झाले, हाच धागा वाचायला. आज २ जून. आमचा मोत्या २ वर्षांचा, चिप नाही. नवऱ्याला १५ सप्टेंबरला म्युनिकला रुजू व्हायचंय. जमेल का हो?

रानजाई

उद्या ३ जूनला चिप आणि त्यानंतर लस झाली असं धरू. रक्त ३ जुलैला किंवा नंतर. ४ जुलैला काढलं तर मोत्या ४ ऑक्टोबरच्या आधी जाऊ शकत नाही. सप्टेंबर जमणार नाही, कितीही पैसे दिले तरी. नवऱ्याला आधी जाऊ द्या. कागदांवर मालक म्हणून तुमचं नाव घाला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही आणि मोत्या एकत्र जा. पिंजरा मात्र याच आठवड्यात आणा, चार महिने नेमके मिळतायत.

नवी_पालवी

कळलं, ताई. नवऱ्याशी बोलले, तो आधी जायला तयार आहे.

नवी_पालवी

काल मोत्याला चिप लावली, यंत्राने वाचून घेतली, मग लस. स्टिकर चार मिळाले, एक पुस्तकात लावला, तीन पाकिटात ठेवलेत. पिंजऱ्याचं तबक हॉलमध्ये मांडलंय. अजून लांबूनच वास घेतोय.